पहिला व्हॉल्व्ह

बाबांचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चालू केला की नुसता घुमत राहतो, म्हणून दुरुस्तीला नेला. म्हाताऱ्या मेकॅनिकने फडक्यात धरून पहिला तापलेला व्हॉल्व्ह उपसला आणि कान लावला. घुमणं तसंच. त्याने तो लगेच परत बसवला.

"याचा काही दोष नाही. मागे कंडेन्सर सुकलाय."

"मग बसवायची एवढी घाई?"

"काचेचा माल आहे, साहेब. बाहेर राहिला की फुटतो."

आमच्या घरातही सतत कुरबुर असायची. बाबांच्या खोकल्यामुळे, त्यांच्या मोठ्याने गाणी लावण्यामुळेच ती होते, असं मी आणि बायकोने ठरवून टाकलं आणि त्यांना वृद्धाश्रमात ठेवून आलो. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं पुन्हा भांडलो. दोष बाबांचा नव्हता, ते तेव्हाच कळलं होतं. पण तोवर त्यांच्या रिकाम्या खोलीत मी माझं टेबल लावलं होतं, आणि ते मला फार सोयीचं झालं होतं.

गेल्या महिन्यात आश्रमातून हा ॲम्प्लिफायर तेवढा परत आला.