नाल्यावरचा नारळ

आमच्या गावचे कोतवाल किसनमामा दवंडी देताना सरकारी निरोपात पदरचं एक वाक्य घालायचेच. "उद्या दहा वाजता ग्रामसभा हाये होऽऽ!" मग डफड्यावर दोन थापा, आणि, "याल तं पुलाचं बोला, नाही तं घरीच राहा!"

पूल म्हणजे गाव आणि आर्णीचा रस्ता यांच्यामधल्या नाल्यावरचा. तो नव्हताच. पावसाळ्यात नाला भरला की पलीकडची शाळा बुडायची. माझ्या बरोबरीच्या तिघींची तशीच कायमची सुटली. मी दहावीत होते आणि बाबांनी सांगून टाकलं होतं, "पूल नाही तं पुढचं शिक्षण नाही."

आमदार साहेब गावात यायचे, पण पहिल्या रांगेत धर्मरक्षणवालं मंडळ बसलेलं असायचं. स्नेहसंमेलनात मुली काहून नाचल्या, अंगणवाडीत अंडी कायले देता, दर वेळी नवा संताप. साहेब घाम पुसत त्यांचीच समजूत काढायचे, आणि पुलाचा विषय येईपर्यंत त्यांची गाडी सुरू झालेली असायची.

"साहेब वाईट नाही," मामा म्हणायचे. "फक्त जिकडून बोंब जास्त, तोच कान चालते त्याचा."

"मग आपणही बोंबलू ना, मामा."

"आपल्या बोंबेले झेंडा नाही ना, पोरी."

त्या वर्षी मंडळाच्या मागणीवरून मंदिराच्या कमानीचं भूमिपूजन ठरलं. मामांनी सकाळीच नाल्याच्या काठावर सडा घातला. पाट, हळदकुंकू, कुदळ, सगळं मांडलं. कोणाला काही सांगितलं नाही. कमानीचं आटोपून साहेबांची गाडी निघाली, तसे मामा रस्त्यात आडवे आले. "साहेब, एक पूजा राह्यली." आणि नारळ हातात दिला. आमच्याकडचा पुढारी हातात आलेला नारळ फोडल्याशिवाय खाली ठेवत नाही. साहेबांनी फोडला. साहेबांना निरोप द्यायला मागून आलेल्या मंडळानं सवयीनं जयजयकार केला. फोटो निघाले. मग साहेबांनी हळूच विचारलं, "कायचं भूमिपूजन हाये हे?"

"पुलाचं जी."

अशी कितीतरी भूमिपूजनं गवतात गेलेली मामांनी पाहिली होती. म्हणून संध्याकाळी ते मंडळाच्या अध्यक्षांच्या ओट्यावर जाऊन बसले. "पूजा झाली, जयजयकार तुमी केला. आता काम नाही झालं तं देवाले जबाब कोन देईन?"

आठवड्याभरात मंडळाचा मोर्चा तहसीलवर गेला. पूजेचा अपमान सहन करणार नाही म्हणे! आमच्या अर्जांनी जे कधी हललं नव्हतं, ते साहेबांनी पंधरा दिवसांत हलवलं.

मला ते खटकलं होतं. "मामा, पूल मागायले देव कायले लागावा?"

मामा पहिल्यांदाच हसले नाहीत. "लागू नये. पण तू किती वर्सं थांबशीन?"

पुढच्या पावसाळ्याआधी पूल उभा राहिला. मामा मागच्या वर्षी गेले. पुलाच्या पाटीवर साहेबांचं नाव आहे, मंडळाचं आहे, त्यांचं नाही. पण मला आठवतो तो अकरावीचा पहिला दिवस. बस पकडायला निघाले, तेव्हा पुलाखालून गढूळ पाणी धो धो वाहत होतं. कठड्याला धरून मी बघतच राहिले. मागून मामा ओरडले, "पाह्यतं काय व? बस थांबनार हाये का तुयासाठी?"

मी पळाले.