गोदाक्कांची रविवारची शिकवणी

मोबाईलसमोर बसण्याआधी गोदाक्का डोक्यावरून पदर घ्यायच्या. पडद्यावर दिसणारी पोरं नैरोबीतली, वयानं त्यांची नातवंडं शोभतील अशी. त्यांच्यासमोर कसला पदर, असं मी पहिल्याच रविवारी विचारलं. त्या म्हणाल्या, “बाई, म्या काय मोठेपणा सांगाया बसले का? गुन्हा सांगाया बसले. उगड्या डोक्यानं कशी बसू?”

धाराशिवजवळच्या बेंबळीत आमच्या दोन घरांत भिंत एकच. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाषाचं काम माझ्याकडं आलं. अक्कांचा सतीश नैरोबीत एका औषध कंपनीत नोकरीला. तिथल्याच जोसेफबरोबर तो राहतो, नवरा-बायको राहतात तसा. तिकडं असे संबंध कायद्यानं गुन्हा आहेत. अशा मुलामुलींच्या बाजूनं उभा राहणारा एक छोटा गट हे दोघं चालवतात आणि नवे कार्यकर्ते तयार करतात. पोलीस चौकीत काय बोलायचं, दवाखान्यात कुणाला भेटायचं, घरातून हाकललेल्या पोराला कुठं न्यायचं, हे सगळं ती मुलं शिकायची. पण त्या पोराच्या आईसमोर उभं राहिलं की हमखास अडायची. सतीशनं हे फोनवर सहज सांगितलं. तेव्हा अक्का म्हणाल्या, “म्या बोलू का त्यांच्यासंगं?”

त्यांचा गुन्हा असा. सतीशचे वडील गेले तेव्हा त्यांनी त्याला कळवलंच नाही. कळवलं असतं तर तो जोसेफला घेऊन आला असता. पुतण्यानं अग्नी दिला. तेरावं उरकल्यावर अक्कांनी फोन केला. नव्या पोरांना त्या सुरुवातीलाच हे सांगत. आवाज बारीक व्हायचा, पण एक शब्द गाळायच्या नाहीत. “पोराला बापाचं तोंड बगू दिलं न्हाय म्या. लाज मला वाटली, अन् शिक्षा त्येला दिली.” हे इंग्रजीत सांगताना माझीच मान खाली जायची. आणि दर वेळी सतीश आपला कॅमेरा बंद करायचा.

मग अक्का आई व्हायच्या. कार्यकर्त्यानं घरातून काढलेल्या पोराच्या वतीनं त्यांच्या दारात यायचं आणि त्यांना बोलतं करायचं, असा तो सराव. अक्का अशा कडाडायच्या की तिकडं मुलं खरोखर घाबरत. “कोण रं तू? माज्या पोराला नासवलंस त्यो तूच न्हवं?”

वांजिकू नावाची एक तरतरीत मुलगी होती, कायदा शिकलेली. तिनं दारातच हक्कांवर भाषण सुरू केलं. अक्कांनी हात वर केला. “पोरी, हक्कबिक्क मागनं. तिला आदी इचार, आई, तुला कुणाचं भ्या वाटतं? आईला पोराची लाज न्हाय वाटत. बगणाऱ्यांची वाटती.”

वांजिकूनं लगेच विचारलं, “तुम्हाला कुणाची वाटली?”

मी प्रश्न मराठीत सांगितला. अक्का माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “ह्यांचीच. भिंतीपल्याडच्या बाईंची. शिकलेलं घर. त्या काय म्हनतील, ह्येच डोस्क्यात.”

हे इंग्रजीत मलाच सांगायचं होतं. मी सांगितलं. वांजिकूनं पुढं विचारलं, “मग त्या खरंच काय म्हणाल्या असत्या?” आता अक्का माझ्याकडं बघायला लागल्या. मी उगाच मोबाईलचा आवाज वाढवून बघितला. रेंज गेली असेल असं समजून वांजिकू तिकडून हॅलो, हॅलो करत राहिली.

त्या दिवाळीत अक्कांनी सतीशला बोलावून घेतलं, जोसेफसकट. भर दुपारी, पारावर माणसं बसलेली असताना, त्या दोघांना घेऊन गल्लीतून चालत आल्या आणि स्वतःच्या घरी न जाता आधी माझ्या दाराशी थांबल्या. “बाई, ह्यो माजा सतीश. अन् ह्यो जोसेफ, त्येचा जोडीदार.”

मला सगळं माहीत होतं. इतके दिवस मी त्यांच्याच बाजूनं बोलत होते, इंग्रजीत. तरी ‘या’ म्हणण्याआधी माझी नजर त्यांच्या खांद्यावरून समोरच्या ओट्याकडं गेली, कोण बघतंय ते पाहायला. जोसेफचे नमस्काराचे हात तसेच जोडलेले राहिले. मग मी आत बोलावलं, चहा केला, चिवडा दिला, नको इतकी बडबड केली. निघताना अक्का मागं राहिल्या. “लागतो येळ, बाई,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुमालाबी लागला. म्या तर लईच लावला.” त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या उन्हाळ्यात अक्का झोपेतच गेल्या. धाराशिवहून शीतपेटी आणली आणि सतीश-जोसेफ पोचेपर्यंत भावकी थांबली. तसा शब्द अक्कांनी आधीच घेऊन ठेवला होता.

रविवारची शिकवणी अजून चालू आहे. आईच्या जागी आता तिकडच्याच किसुमू शहरातली एक बाई बसते. तिनं आपल्या मुलीला घराबाहेर काढलं होतं. शिकवायचं काम वांजिकूकडं आहे, आणि सरावात तिनं मला शेजारीण केलंय. नवी मुलं माझ्या दारात येऊन बोलायला लागतात, आणि मी त्यांच्या मागं कोण उभं आहे ते बघते.

वांजिकू त्यांना सांगते, बाईंचा अभिनय बघा, किती खरा वाटतो.