बस म्हटलं आणि टेरी उठला

माझं पोस्टिंग वल्ह्यांवर होतं. नावेच्या पुढच्या टोकाला कॉर्पोरल टेरी, हातात मासा उचलायची जाळी. मधल्या फळीवर मार्गारेट, हातात रॉड. काठावरच्या लाकडी धक्क्यावर, घडीच्या खुर्चीत, दोन शालींत गुंडाळलेली माझी आई. तिला मी ऑब्झर्व्हेशन पोस्ट नेमलं होतं, म्हणजे टेहळणी. तिच्याकडे एक वॉकीटॉकी, दुसरा टेरीच्या लाइफजॅकेटला अडकवलेला. नोव्हेंबर, सकाळचे आठ, कॉव्हेंट्रीबाहेरचं एक जुनं तळं. वारा नाही. निवृत्त सार्जंटच्या हाताखाली याहून मोठं सैन्य कुणी देत नाही.

ब्रिटिश आर्मीच्या इंजिनीअर्समध्ये मी बरीच वर्षं काढली. पूल बांधले, सुरुंग काढले, आणि जिथे म्हणून पाणी दिसलं तिथे ओवेनची वाट बघत ताटकळलो. ओवेन माझ्या सेक्शनमधला सॅपर, म्हणजे साधा शिपाई. मार्गारेटचा मुलगा. त्याच्या किटमध्ये एक वेळ मोजे नसत, पण गळ असत. वीकएंडला मी त्याला घरी न्यायचो. आईचं थालीपीठ तो दोन्ही हातांनी खायचा आणि तिला ‘आई’ म्हणायचा. ते तिचं नाव आहे, अशी त्याची समजूत होती. आम्ही कुणी ती दुरुस्त केली नाही.

अफगाणिस्तानात तो सुरुंग शोधायचं यंत्र घेऊन सेक्शनच्या पुढे चालत होता. एका सकाळी यंत्र गप्प राहिलं. मागे चालणारे आम्ही सगळे घरी आलो. तो नाही.

तेव्हापासून दर नोव्हेंबरला आम्ही या तळ्यावर येतो. पहिला मासा ओवेनचा. पकडायचा, त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, मासा परत पाण्यात सोडायचा. मार्गारेट या वर्षी पहिल्यांदाच आली. तिने जन्मात रॉड धरला नव्हता. गाडीतून उतरल्या उतरल्या तिने मला बाजूला घेतलं.

“अ‍ॅव्ही, आजचा पहिला मासा मी पकडणार. मी स्वतः. कुणी माझ्या हातात आयता ठेवायचा नाही. प्रॉमिस?”

“येस, मॅडम.”

एवढा स्पष्ट हुकूम मला कर्नलनेही कधी दिला नव्हता.

आता टेरी. टेरी उत्तम कॉर्पोरल, पण त्याला बॅस नावाच्या माशाचं वेड लागलेलं आहे. काही वर्षांपूर्वी आर्मीने त्याला अमेरिकेत ट्रेनिंगला पाठवलं. तिथल्या तळ्यात त्याने हा मोठ्या तोंडाचा मासा पकडला आणि तो कामातून गेला. परतताना पेटीभर सामान आणलं. रबरी अळ्या, रबरी बेडूक, घुंगरांसारखी खुळखुळणारी लाकडी मासोळी. गोड्या पाण्यातला हा बॅस ब्रिटनमध्ये नसतोच, हे त्याला सगळ्यांनी सांगून झालं.

“कुणीतरी एखादा आणून सोडला असेल, सार्ज.”

“कोण? विमानात मांडीवर घेऊन?”

“लोक काहीही करतात.”

त्याचं सामान मात्र आपल्या पर्चला चालतं. पर्च म्हणजे हिरवट अंगावर काळे पट्टे, खाली लाल पर, चेहरा पार्किंगचा दंड झाल्यासारखा. टेरीने मार्गारेटला ड्रॉप-शॉट बांधून दिला. दोरीच्या टोकाला वजन, त्याच्या वीतभर वर गळ, गळाला रबरी अळी. वजन तळाला टेकवायचं आणि अळी जागच्या जागी नुसती थरथरवायची.

“फार हलवू नका, लव्ह. तिला थंडी वाजतेय असं वाटलं पाहिजे.”

“मलाच वाजतेय,” मार्गारेट म्हणाली. तिचा रॉड आपोआप थरथरत होता.

मी लव्हाळ्याशेजारी नांगर टाकला. वॉकीटॉकी खरखरला. “मार्गारेटताईंना टोपी घालायला सांग. ओव्हर.” मी सांगितलं. तिने घातली.

थोड्या वेळाने रॉडचं टोक दोनदा टकटकलं आणि एकदम पाण्यात वाकलं.

“अ‍ॅव्ही! हे काय आहे? हे जिवंत आहे!”

“रॉड वर धरा. सावकाश गुंडाळा. त्याने ओढलं तर ओढू द्या.”

तिने तसंच केलं. दात आवळून. मासा नावेखाली घुसला आणि सगळं थांबलं. दोरी नांगराच्या दोराला अडकली होती. मार्गारेट ओढत होती आणि काही येत नव्हतं.

“जातोय का तो? अ‍ॅव्ही, जातोय?”

“नाही. ताण सोडू नका.” मला खात्री नव्हती. हात पुढे करून रॉड घ्यावा असं फार वाटलं. वचन दिलेलं होतं. मी वल्ही धरून बसलो.

टेरी वाकून बघायला म्हणून उभा राहिला. लहान नावेत उभं राहायचं नसतं, हे धक्क्यावरच्या माझ्या आईलाही माहीत होतं. तिचं इंग्रजी चांगलं आहे, पण घाबरली की ती कोल्हापूरची होते. वॉकीटॉकी ओरडला.

“अरे बस! बस! बस!”

टेरीचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. टेहळणीकडून थेट रिपोर्ट आला होता, तोही तीनदा.

“बॅस? कुठे?”

“टेरी, सिट डाउन!”

“आईला बॅस दिसलाय, सार्ज!” म्हणत तो नीट दिसावं म्हणून फळीवर चढला.

“बऽऽस!” आई किंचाळली.

“कुठल्या बाजूला?” टेरीने विचारलं, आणि डाव्या बाजूला गेला. संपूर्ण. जाळीसकट.

नाव डोलली, पण उलटली नाही. मार्गारेटने रॉड सोडला नाही. टेरी फुरफुरत वर आला, पाय खाली टेकवले आणि उभा राहिला. पाणी छातीपर्यंत होतं.

“सिच्युएशन रिपोर्ट?” मी विचारलं.

“थंड, सार्ज. फार थंड.” मग त्याने खाली पाहिलं. “दोरी माझ्यासमोरच आहे.”

“सोडव. माशाला हात लावू नकोस.”

निळ्या पडत चाललेल्या बोटांनी त्याने दोरी नांगरापासून मोकळी केली. मासा पुन्हा ओढायला लागला. मार्गारेटने गुंडाळलं, थांबली, गुंडाळलं. टेरीने पाण्यात जाळी नुसती आडवी धरली. मासा मार्गारेटनेच जाळीत आणला.

चांगला दीड वीत लांब पर्च. टेरी पाण्यातून चालत काठाकडे निघाला, लाइफजॅकेटवरच्या वॉटरप्रूफ वॉकीटॉकीतून आईला सांगत, की आय अ‍ॅम फाइन आणि तो बॅस नव्हता. मार्गारेटने ओल्या हातांनी मासा उचलला. त्याने पाठीवरचा काटेरी पर ताठ उभा केला.

“आउच.”

अंगठ्याखाली चार बारीक लाल ठिपके उमटले. ती ते बघत राहिली. मला वाटलं, फार लागलं.

“शाळेतून यायचा ना,” ती म्हणाली, “तेव्हा त्याच्या हातावर असे असायचे. इथेच. म्हणायचा, काही नाही मम, ब्रॅम्बल्स. शाळेच्या कुंपणाला काटेरी झुडपं आहेत.” ती हसायला लागली. “मी हेडमास्तरांकडे जाऊन भांडले होते, अ‍ॅव्ही. त्यांनी ती झुडपं कापली.”

“आणि ठिपके?”

“थांबले नाहीत.”

तिने मासा पाण्यात धरला. “ओवेन,” ती मोठ्याने म्हणाली. मग हळूच, “लबाड.” शेपटी हलली आणि तिचे हात रिकामे झाले.

मी फर्स्ट-एड किट उघडलं आणि प्लास्टर पुढे केलं. तिने मूठ मिटून घेतली.

“नको,” ती म्हणाली. “राहू दे.”