पोटखराब जमिनीतली अंडी

आमच्या गावाला तापीकाठी वाळूची एक पट्टी आहे. म्हणजे होती. बॅरेजचं पाणी चढलं तेव्हा बाकीची वाळू बुडाली. उरलेल्या पट्टीवर माझी वहिनी दर हिवाळ्यात टरबुजं लावायची आणि तिथेच कासवं अंडी घालायची. आळी करताना अंडी लागली की वहिनी वाळू परत लोटायची, वर बाभळीचा काटा ठेवायची आणि पुढे सरकायची. काटा दिसला की कुत्रीसुद्धा वळसा घालून जात. हे तिला माझ्या आईने शिकवलं. यात कुणाला काही विशेष वाटलं नाही.

मग घाटाचं सुशोभीकरण मंजूर झालं. पायऱ्या, रंगीत फरशी, बसायला बाकडी. मी म्हटलं, करा बाबांनो, पण पावसाळ्यापर्यंत थांबा, पिल्लं निघून जाऊ द्या. एवढंच मागणं. त्यासाठी तालुक्याला किती खेटे घातले ते विचारू नका. एक जण म्हणाला, अंडी उचलून दुसऱ्या वाळूत न्या. दुसरी वाळू आहे कुठे? एका टेबलावर कासवांसाठीचा छापील फॉर्म मिळाला, त्यात रकाना होता, ‘समुद्रकिनाऱ्याचे नाव’. नंदुरबार जिल्ह्यात समुद्र. मी समुद्रकिनारा खोडून ‘तापी नदी’ लिहिलं. साहेब म्हणाले, ‘फॉर्ममध्ये खाडाखोड चालत नाही.’

शेवटी साधा अर्ज दिला, आणि तिथे माझ्याच हातून घोळ झाला. जागेची खूण पटावी म्हणून मी शहाण्यासारखा तलाठ्याच्या कागदावरचा शब्द जसाच्या तसा उतरवला: पोटखराब. जिथे पीक येत नाही त्या जमिनीला कागदावर तसं म्हणतात. उत्तर आलं, ‘सदर जागा पोटखराब असल्याने तेथे नुकसान होण्यासारखे काही नाही.’ माझं डोकंच फिरलं. जिच्या पोटात एवढी अंडी, तिचंच पोट म्हणे खराब. आणि तो शब्द मीच त्यांच्या हातात दिलेला.

वहिनीने उत्तर वाचून घेतलं आणि म्हणाली, ‘त्यासले पीकच दिखस ना, भाऊ? मंग पीक दखाडसूत.’ दुसऱ्याच दिवशी तिने प्रत्येक काट्याच्या भोवती टरबुजाचे वेल लावले. पंचनाम्याला आलेल्या माणसाने वाकून पानं पाहिली आणि लिहिलं, ‘उभे पीक, टरबूज.’ घाटासाठी वाळू उकरायला आलेलं मशीन थांबलं. माझे सगळे अर्ज गेले चुलीत. अंड्यांना ओल लागू नये म्हणून वहिनीने त्या वेलांना नंतर पाणीच घातलं नाही. वेल वाळले, त्यांचं एकही टरबूज हाती लागलं नाही. पण मेअखेर पिल्लं पाण्यात गेली.

त्यानंतर घाट झाला. छान झाला, म्हणतात लोक. फोटो काढतात.

या हिवाळ्यात एका सकाळी वहिनीने मला हाक मारून नेलं. तिसऱ्या पायरीवर, रंगीत फरशीवर, अंडी पडली होती. दोन फुटलेली. शेजारी चिखलाने माखलेल्या नखांचे ओरखडे, पुन्हा पुन्हा एकाच जागी. बिचारी कासवीण खणत बसली असणार. मला तिथे उभं राहवेना.

वहिनीने बांधावरून बाभळीचा काटा तोडून आणला आणि पायरीवर ठेवला.

दुपारी घाट झाडणारा माणूस तो काटा हातात घेऊन माझ्या दारात आला. म्हणाला, ‘भाऊ, फरशीवर काटे कोण टाकतं, जरा समज द्या.’