खिडकीतलं ताट

मेथीला लसणाची फोडणी बसली की मला थोरल्या भावाचं, दादाचं, खिडकीतलं ताट आठवतं. मानेवरच्या गाठी टीबीच्या समजून त्याच्यावर दोनदा उपचार झाले, तरी त्या परत यायच्या. लेकीला लागण नको म्हणून दादा आपलं ताट खिडकीत वेगळं ठेवी आणि ओसरीवर एकटाच जेवे. अखेर नगरच्या एका डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट समजावला. जंतूंशी लढायला मदत करणारं शरीरातलं द्रव्य दादाच्याच रक्तातली प्रतिपिंडं निकामी करत होती, त्यामुळे मातीपाण्यातले साधे जंतूही त्याच्या अंगात घर करत. औषधं वर्षानुवर्षं लागणार होती, पण आजार दुसऱ्याला होणारा नव्हता. "म्हंजी अंगातच भाऊबंदकी लागलीय," दादा म्हणाला, आणि डॉक्टरही हसले. सोनईला घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा वहिनी मेथी परतत होती. वळून न बघताच ती म्हणाली, "मंग या आत. लई दिवस पाव्हन्यावानी जेवलात." त्या संध्याकाळी तो लेकीशेजारी बसून सावकाश जेवला आणि घासलेलं ताट त्याने मांडणीत बाकीच्या ताटांमध्ये ठेवून दिलं. दादा जाऊन आता वर्ष होत आलं. परवा आठवण म्हणून त्याचं ताट बाजूला काढायला गेलो, तर सगळी सारखीच होती.