जिन्याखालचा लाल टाका

तुमच्या बॅगेची चेन शेवटची कुणी बसवून दिली, सांगता येईल का? दुकान नाही विचारत, माणूस विचारतेय. चेहरा आठवतो?

आठवत नसेल तर फार लाजू नका. मी त्या माणसापासून अकरा पावलांवर लहानाची मोठी झाले. तिच्या डोक्यावर बारा मजली इमारत उभी राहणार असं कळल्यावर मी एक तडाखेबंद पत्रक लिहिलं आणि त्यात तिचाच उल्लेख करायला विसरले. तेव्हा नापासांच्या यादीत पहिलं नाव माझं.

आमच्या गावात गाडीतून उतरून स्टेशनाबाहेर आलं, की रस्त्यापलीकडं पालिकेचं कॉम्प्लेक्स दिसतं. आमच्या परभणी जिल्ह्यात कॉम्प्लेक्स म्हणवून घ्यायला फार काही लागत नाही. दोन मजले, मधोमध एक जिना आणि खालीवर मिळून सव्वीस गाळे असले की झालं. जिन्याला लागून खालचा गाळा बाबांचा. तिथं त्यांचा छापखाना आहे. आणि जिन्याच्या पोटात, जिथं छत उतरत उतरत जमिनीला टेकतं, तिथं मावशी बसते.

मावशी नात्यातली नव्हे. ती सगळ्या स्टेशनची मावशी. एक लोखंडी पेटी, हातानं फिरवायचं शिलाई मशीन आणि दोरीत ओवलेली रनरची माळ. चेनीवर पुढंमागं सरकतो तो रनर. मावशीकडं तो नखाएवढ्यापासून अंगठ्याएवढ्यापर्यंत सगळ्या मापांत असतो. मानवतचे व्यापारी, झरीहून कॉलेजला येणाऱ्या मुली, दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघण्याआधी सोनपेठकडून बॅगा घेऊन येणारी कुटुंबं, सगळ्यांच्या चेनी तिच्या हाताखालून जातात. तिथं तिला उभं राहता येत नाही. उभी राहिली की डोकं सहाव्या पायरीला लागतं. कुणी हळहळलं तर ती म्हणते, "उभं कामून ऱ्हायचं? काम बसूनच हाय की."

आता माझ्याबद्दल. मी अंकलिपीवर नाही, पत्रकांवर वाचायला शिकले. तेव्हा बाबांकडं शिशाचे खिळे होते. एकेक अक्षर वेचून ओळ जुळवायची. पहिले शब्द मी वाचले ते ‘जाहीर’, ‘निषेध’ आणि ‘बहुसंख्येने’. घरात मला काही हवं असलं की मी मागत नसे, आवाहन करत असे. ‘आई बाबांस जाहीर आवाहन’ असा मथळा देऊन खाली मागणी. बाबा गंभीरपणे वाचायचे आणि म्हणायचे, "मजकूर बराय. पण उद्गारचिन्हं कमी कर. आपल्याकडं चौदाच हायेत, आन् उद्या कुस्त्यांची जाहिरात छापायचीय."

दुसरीत असताना माझ्या निळ्या दप्तराची चेन तुटली. मावशीनं ती पाच मिनिटांत बसवली आणि चेनीच्या टोकाला लाल दोऱ्याचे तीन टाके घातले. निळ्या दप्तरावर लाल दोरा! मी दुरुस्ती मागितली. मावशी म्हणाली, "माय, बॅग कंच्याबी रंगाची असू दे, शेवटचे तीन टाके लालच. परत तुटली तर वळखू येतं, माझं काम हाय म्हणून. माझं असलं की म्या पुन्ना फुकट करून देते."

हा खुलासा मला मान्य झाला नाही. मी पत्रक लिहिलं. बाबांना त्या दिवशी काम कमी असावं, किंवा गंमत जास्त वाटली असावी. त्यांनी ते खरंच जुळवून छापलं. दहा प्रती. मी एक मावशीच्या पेटीवर खळीनं चिकटवली आणि उरलेल्या वर्गात वाटल्या. त्या चळवळीचं पुढं काही झालं नाही. दप्तर लाल टाक्यांसकट पाचवीपर्यंत चाललं.

यंदा बातमी आली की कॉम्प्लेक्स पाडून तिथं बारा मजले होणार. खाली दुकानं, वर फ्लॅट. स्टेशन समोर, म्हणजे गाडी पकडायला दोन मिनिटं. गावात आजवर लिफ्ट फक्त एका दवाखान्यात होती आणि तीही लोक आजारी नसताना बघायला जायचे. त्यामुळं बारा मजल्यांवर चर्चा जोरात झाली. बाराव्या मजल्यावर पापड कुठं वाळवायचे, लाइट गेल्यावर खाली राहिलेल्यानं वर जायचं की वर राहिलेल्यानं खाली यायचं, आणि गच्चीवरून थेट परभणी शहर दिसेल का. शेवटच्या प्रश्नावर दोन पानवाल्यांचं बोलणं बंद झालं ते अजून सुरू नाही.

मी अर्थातच पेटून उठले. बाबांना म्हटलं, "तुमचा गाळा जाणार!"

"जात नाही," बाबा म्हणाले. "यादीत नाव हाय. नव्या इमारतीत गाळा देणारेत. तवर मागच्या गल्लीत पत्र्याचं शेड."

"आणि तुम्ही गप्प बसणार?"

"गुडघे दुखायलेत बाई. वर ऱ्हायला मिळालं तर लिफ्टनं खाली येईन दुकानात. काय वाईट हाय त्यात?"

ज्याच्यासाठी लढायचं तोच लिफ्टची स्वप्नं बघत होता. पण सैनिक नाही म्हणून मी लढाई कधी थांबवलेली नाही. मी पत्रक लिहिलं: ‘सव्वीस गाळेधारकांनो, जागे व्हा!’ आणि छापायला बाबांसमोर ठेवलं. तर मशीनवर काय चढलेलं? बिल्डरचं माहितीपत्रक. वर इमारतीचं रंगीत चित्र, खाली तळमजल्याचा नकाशा.

"हे तुम्ही छापता?"

"गिऱ्हाईक हाय. विरोध तुझा, मशीन माझी. तुझंबी छापतो की. त्येचं झालं की तुझा नंबर."

आता छापखान्यातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला. मशीनवर शाई नीट बसेपर्यंत पहिली पानं खराब निघतात. त्यासाठी कोरा कागद कुणी वाया घालवत नाही. आधीच्या कामातली बिघडलेली पानं कोऱ्या बाजूनं चढवायची, शाई बसली की ती काढून ताजा गठ्ठा लावायचा. बिल्डरच्या चार रंगांच्या कामात बिघडलेली पानं भरपूर निघाली होती. रंग सरकल्यामुळं आभाळ गॅलरीत उतरलं होतं आणि बारा मजले मोजून चौदा भरत होते. माझा मजकूर मशीनवर चढवल्यावर ती सगळी पानं बाबांनी कोरी बाजू वर करून शेजारी रचली, त्यातली थोडी चालवून शाई बसवली, आणि "हात लावू नको, चहा घेऊन आलोच," म्हणून गेले.

मी हात लावला. क्रांतीला उशीर होत होता. शाई बसलेली दिसली, कोरा गठ्ठा दिसला, मी तोच चालू ठेवला. बाबा परत आले तेव्हा माझी सगळी पत्रकं छापून झाली होती. एका बाजूला ‘जागे व्हा!’ आणि दुसऱ्या बाजूला हिरवट रंगाची चौदा मजली इमारत. बाबांनी एक पान उलटलं, परत सुलटं केलं आणि म्हणाले, "सर्वपक्षीय झालंय."

दुसरा कागद आणायला वेळ नव्हता, असं मी सांगते. खरं म्हणजे मला थांबवत नव्हतं. मी ती तशीच वाटली. लोकांनी उड्या टाकून घेतली. आयुष्यात माझ्या पत्रकाला असा प्रतिसाद मिळाला नव्हता. चहाच्या टपरीवर ते चिकटवलेलंही दिसलं, इमारतीची बाजू वर करून. दोन दिवसांत अकरा जणांनी मला विचारलं, बुकिंग तुमच्याकडंच का?

तिसऱ्या दिवशी मावशीनं हाक मारली. तिच्या मांडीवर माझं पत्रक होतं, नकाशाची बाजू वर.

"माय, ह्याच्यात जिना कंचा?"

मी बोट ठेवलं.

"आन् त्याच्या खाली काय लिवलंय?"

मी वाचलं. पंप रूम.

तिनं पान उलटलं. माझी बाजू वर आली. "आन् हिकडं? हिकडं हाय का मी?"

मी माझंच पत्रक पहिल्यांदा वाचत असल्यासारखी वाचत गेले. गाळेधारक सव्वीस. प्रत्येकाच्या धंद्याचा उल्लेख होता, चष्मेवाल्यांसाठी तर एक अख्खं वाक्य होतं. जिन्याखाली काही नव्हतं. कागदाला दोनच बाजू असतात आणि मावशी दोन्हींवर नव्हती. बिल्डरनं निदान तिच्या जागी पंप तरी ठेवला होता.

"तुज्या ध्यानात न्हाई ऱ्हायलं," मावशी म्हणाली. रागानं नाही. रनर तेलात बुडवता बुडवता. तिनं रागानं म्हटलं असतं तर मला वाद घालता आला असता.

त्या दिवसानंतर मी इमारतीच्या विरोधात बोलणं सोडलं. तत्त्व बदललं नाही. फक्त ते एका जागेवर येऊन बसलं. जिन्याखालची साडेचार फूट जागा नव्या नकाशात राहिली पाहिजे. बिल्डरचा माणूस सज्जन निघाला, जे माझ्यासारखीला फार अडचणीचं असतं. म्हणाला, "ताई, पंप कुठंबी बसंल. मला काय. पण पालिकेच्या यादीत नाव लागतंय. तेवढं आणा."

पालिकेत हरकती ऐकायला साहेब बसणार होते. मावशी पेटीशिवाय कुठं जात नाही, म्हणून मी, मावशी आणि पेटी अशा तिघी ऑटोतून गेलो. साहेबांनी विचारलं, "इथं बसता त्याचा पुरावा काय?"

"म्हंजी?"

"पावती, करारपत्र, लाइटचं बिल."

"लाइट न्हाई साहेब. उजेड रस्त्याचाच."

"मग काही कागद?"

आधार कार्ड काढायला मावशीनं पेटी उघडली आणि झाकण मागं टेकवलं. झाकणाच्या आतल्या बाजूला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. साहेब चष्मा वर करून पुढं झुकले. मी ओळखला, आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं. साहेबांनी तो अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असा वाचला.

"जाहीर निषेध. स्टेशनसमोर जिन्याखाली बसणाऱ्या मावशींनी निळ्या दप्तरास लाल दोऱ्याने टाके घातले आहेत. निळ्याला निळा दोरा मिळालाच पाहिजे. तरी बहुसंख्येने उपस्थित राहावे. आपले, समस्त दुसरी ब." मग ते थांबले. "हे कुणाचं?"

"हिचं," मावशी म्हणाली. "लय भांडली होती."

"ते पेटीवर चिकटवलं होतं मी," मी म्हटलं. "आत कसं आलं?"

"बाहीर पावसानं गेलं असतं की. पाणी लावून काढलं, आत लावलं. माझ्यावर कुणी छापलेलं तेवढं एकच."

तळाला छापखान्याचं नाव होतं आणि महिना आणि साल. बाबांचा नियमच तो. पत्रक साखरपुड्याचं असो, शोकसभेचं असो की दुसरी ‘ब’चं असो, तळाची ओळ सुटत नाही. साहेबांनी साल दोनदा बघितलं. "विरोधकानंच लिहून दिलंय म्हणजे जागा खरी," असं म्हणून हसले आणि पानाचा फोटो काढून घेतला. पण मग खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "एका कागदावर नाव नाही लावता येत, मॅडम. लहान मुलीची गंमत म्हणतील वर. आणखी आणा. लोकांच्या सहीनं, कधी काम करून घेतलं ते लिहून. पुढची सुनावणी पोळ्यानंतर आहे."

निघताना मी माझी बॅग बंद केली. मावशीनं चेनीचं टोक चिमटीत धरून साहेबांना दाखवलं. तीन टाके, लाल. साहेबांनी ते बघितलं आणि टेबलाखालची स्वतःची बॅग पायानं थोडी आत सरकवली. मी वाकून बघायचा प्रयत्न केला, पण तिची चेन पलीकडच्या बाजूला होती.

मावशीनं कधी पावती फाडली नाही, वही ठेवली नाही. तिनं जे लिहिलं ते दोऱ्यानं लिहिलं, आणि ते तुमच्या घरात आहे. म्हणून आता नवं पत्रक काढलेलं नाही. हेच लिहिलंय, आणि शेवटच्या परिच्छेदात एकही उद्गारचिन्ह वापरणार नाही असं बाबांना कबूल केलंय.

आज घरी गेलात की माळ्यावरची जुनी बॅग खाली काढा. लग्नातली, होस्टेलची, ऊसतोडीला नेलेली, कुठलीही. चेनीच्या टोकाला बघा. तीन लाल टाके असतील तर साध्या कागदावर लिहा: साधारण कोणत्या वर्षी, कुठं निघाला होतात आणि स्टेशनसमोरच्या जिन्याखाली बसून चेन कुणी लावून दिली. खाली सही करा. पोळ्याच्या आधी तो कागद आमच्या छापखान्यात आणून द्या, जिन्याला लागून पहिलाच गाळा. बॅगही सोबत आणा. चेन परत बिघडली असेल तर मावशी बघेल, आणि टाके लाल असतील तर तिच्या शब्दाप्रमाणे पुन्हा लावून देईल, पण त्यासाठी ती तिथं बसलेली असायला हवी.