धुतलेली भिंत

दूरध्वनीवर मी एकच शब्द चुकीचा वापरला: फोटो. 'उद्या सकाळी भिंतीचे फोटो काढायला येते,' असे साक्रीपलीकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांना मी जळगावहून कळवले. माझा कॅमेरा उजेड नव्हे, ऊब टिपतो, हे सांगायचे राहून गेले. गिलाव्यामागे पोकळी असेल, तर कोवळ्या उन्हात तेवढाच भाग लवकर तापतो आणि पडद्यावर पिवळा उमटतो. शाळेच्या पूर्वेकडच्या भिंतीचा एक पोपडा पावसाळ्यात निखळला होता. उरलेला गिलावा कितपत धरून आहे, ते मला पाहायचे होते.

पोहोचले तेव्हा ओल्या चुन्याचा वास अंगणभर पसरला होता. पोषण आहार शिजवणाऱ्या अक्का पाण्याची नळी घेऊन उभ्या होत्या.

"तुम्ही फोटो काढनार म्हनीसन बठ्ठी भीत धुई टाकी, ताई. आते कशी चकचकीत दिखस!"

पडद्यावर भिंत निळीशार होती, एकसंध, निरागस. उन्हाला जे सांगायचे होते, ते पाण्याने गिळून टाकले होते. ती वाळेपर्यंत सूर्य छपरापलीकडे गेला.

"दोष दिसत नाही ना? मग तसंच लिहा," मुख्याध्यापक म्हणाले. "खोटं थोडंच आहे ते?"

खोटे नव्हते; म्हणूनच त्या वाक्याची भीती वाटली. हात पोहोचला तिथवर मी बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिले. आवाज भरीव आला. त्याच्या वरचा गिलावा मात्र गप्पच राहिला.

जेवणाची घंटा झाली. मुले ताटल्या घेऊन त्याच भिंतीच्या नुकत्याच पडलेल्या अरुंद सावलीत ओळीने बसू लागली.

"उठा, तिकडे बसा!" माझा आवाज मलाच कर्कश वाटला.

अहवालात लिहिले: भिंत ओली असल्याने तपासणी झाली नाही, ती होईपर्यंत इथे कोणालाही बसवू नये. मुख्याध्यापकांनी न वाचताच कागदाची घडी घातली. "दुसरीकडे कुठे सावली आहे, मॅडम?"

मुले उन्हात बसली. खिचडीच्या वाफेआड त्यांचे डोळे बारीक झाले. वाढता वाढता अक्का माझ्याजवळ थबकल्या.

"ताई, भीत खरंच पडनार शे का?"

"माहीत नाही, अक्का."

हातातली पळी पातेल्यात टाकून, सावलीकडे हळूच सरकणाऱ्या दोन लहानग्या मुलींना अक्कांनी दंडाला धरून मागे ओढले.